मुंबईचे दोन बिशप

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कॅथलिक वस्तीत शेजारीशेजारी राहणारी दोन कुटुंबे दोन निरनिराळ्या बिशपांच्या हुकमतीत असत, आणि नवख्या माणसास त्यांच्यातील भेद शोधूनही सापडला नसता. कारण मिस्सा तीच, लॅटिन प्रार्थना त्याच, आणि पोप हाच ख्रिस्तसभेचा प्रमुख ही श्रद्धाही दोन्ही घरांत सारखीच. तंटा होता तो नेमणुकीचा : बिशप कोण व्हावा हे पोर्तुगालच्या राजाने सुचवावयाचे, की रोमने परस्पर ठरवावयाचे?

पोर्तुगीज गलबते आफ्रिकेचा किनारा धुंडाळीत असता पोपने पोर्तुगालच्या राजास जी फर्माने दिली, ज्यांत पाचव्या निकोलसचे १४५५ चे फर्मान विशेष प्रसिद्ध आहे, त्यांतून ‘पाद्रोआदो’ ही व्यवस्था हळूहळू आकारास आली. नव्या मुलखांत चर्चे उभारण्याचा व पाद्र्यांच्या योगक्षेमाचा खर्च राजाने सोसावा, आणि त्याच्या मोबदल्यात बिशपपदासाठी माणूस सुचविण्याचा हक्क राजास असावा, असा तो करार होता. वतनदारीत सेवा आणि हक्क जसे एकमेकांशी जखडलेले असतात तसेच येथेही होते, आणि वतनात घडते तसेच येथेही घडले : सेवा आटली तरी हक्क सुटेना. १५३४ मध्ये गोव्याला बिशपपीठ मिळाले, १५५७ मध्ये ते आर्चबिशपपीठ झाले, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून जपानपर्यंतचा अफाट प्रदेश कागदोपत्री त्याच्या अमलाखाली गेला. पोर्तुगालसारख्या चिमुकल्या राज्यास तो पेलणे शक्यच नव्हते.

रोमला हे उमगले, आणि १६२२ मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपने धर्मप्रसाराचे काम थेट आपल्या हाती घेणारे ‘प्रोपागांदा फिदे’ हे खाते उघडले. गोव्यातील दिवाडी बेटावर ब्राह्मण वंशात जन्मलेला मातेउस दे कास्त्रो, ज्याला मायदेशी दीक्षा मिळेना, तो रोमला गेला, पाद्री झाला, पुढे बिशपही झाला आणि पोपचा प्रतिनिधी म्हणून आदिलशाही मुलखात परतला. गोव्याच्या आर्चबिशपाने त्याची अधिकारपत्रे मानली नाहीत. तेव्हा हा रोमचा बिशप पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्या वेळी विजापूरच्या अमलात असलेल्या डिचोलीस जाऊन राहिला. एका ख्रिस्ती बिशपास ख्रिस्ती राजाच्या माणसांपासून मुसलमान सुलतानाच्या राज्यात आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट त्या काळच्या धर्मयुद्धांच्या भाषेत कोठेच बसत नाही.

हा केवळ दरबारी मानापमान असता तर कोळीवाड्यातील माणसाने त्याची पर्वा का करावी? येथे धर्मशास्त्र आडवे येते. कॅथलिक मतानुसार पाद्र्याची दीक्षा ही एक गोष्ट आणि विशिष्ट लोकांवरील त्याचा धर्माधिकार ही दुसरी. दीक्षा एकदा मिळाली की पुसली जात नाही, पण पापक्षमा देण्यास धर्माधिकारही लागतो, आणि सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहदेखील आपल्याच धर्मग्रामाच्या पाद्र्यासमोर किंवा त्याच्या परवानगीने लागला पाहिजे असे ठरविले. अर्थात बिशपाची सनद खोटी ठरली की लग्नाविषयी आणि मिळालेल्या पापक्षमेविषयीही शंका उभी राही. लिस्बन आणि रोम यांच्यातील खलिते अशा रीतीने थेट माणसाच्या परलोकाशी येऊन भिडत.

या भांडणात पंच झाली ती प्रॉटेस्टंट ईस्ट इंडिया कंपनी! फ्रान्सिस्कन पाद्री पोर्तुगीज सरकाराशी इमान राखतात या संशयाने तिने १७२० मध्ये त्यांना मुंबईतून घालविले आणि कार्मेलाईट संघाच्या, रोमनियुक्त धर्माधिकाऱ्याकडे चर्चे सोपविली. पुढे गोव्याचा पक्ष पुन्हा मान्य केला. आणि अखेर १७९४ मध्ये चर्चांची दोन पक्षांत वाटणीच करून टाकली. ज्यांना पोपची सत्ताच मान्य नव्हती त्यांनी पोपच्या दोन अनुयायी पक्षांची हद्द आखून द्यावी, यातला विनोद कंपनीच्या दफ्तरदारांच्या ध्यानी आला असेल असे वाटत नाही. पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांनी धार्मिक संघ बरखास्त केल्यावर रोमने १८३८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रोआदोचा अधिकार छाटला. परंतु राजाशी झालेला करार पोपला एकतर्फी मोडता येत नाही, असे म्हणून गोव्याच्या पक्षाने तो हुकूम झुगारला, आणि रोमच्या बाजूने त्यास धर्मभेदाचे नाव दिले. धर्मसिद्धान्ताचे एक अक्षरही न बदलता पंथ फुटतो तो असा.

१८८६ च्या कराराने दुहेरी अंमल रीतसर झाला. १९२८ मध्ये तो संपला तोही मोठ्या चमत्कारिक तोडग्याने : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा! पहिले जोआकिम लिमा, त्यांच्यामागून १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स. या पाळीत हिंदी माणसास जागाच नव्हती, हे रॉबर्ट्स यांना खटकले. त्यांनी साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार सोपविला आणि १९५० मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी पोर्तुगालने भारतीय हद्दीतील आपला हक्क सोडला. गोव्यात मात्र पोर्तुगीज आर्चबिशप जुझे आल्व्हेर्नाझ १९६१ मध्ये गोवा भारतात आल्यानंतर प्रदेश सोडून गेले, तरी पद त्यांच्याच नावे राहिले. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस मान्य केले, आणि १९७५ मध्ये त्यांचा राजीनामा झाला.