ओसरत्या पाण्याचा पक्षी

आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयातून घोड नदीत सुटणारे पाणी पुढे भीमेला मिळते आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात विसावते. याच फुगवट्याच्या आसपास चित्रबलाक या मासेखाऊ करकोच्याची वीण होते. सुमारे मीटरभर उंचीचा, पिवळ्या बाकदार चोचीचा आणि शेपटीलगत गुलाबी पिसांचा हा पक्षी उजनीकाठच्या भिगवणच्या रोहित पक्ष्यांपुढे दुर्लक्षित राहतो, हा त्याच्यावर अन्यायच होय, कारण रोहित येथे पाहुणा असतो, तर चित्रबलाक येथेच संसार थाटतो.

त्याची शिकारीची रीत तर विलक्षण आहे. बगळा मासा डोळ्यांनी हेरतो; चित्रबलाक मात्र वीतभर गढूळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून ती दोन्ही बाजूंना फिरवीत चालतो, पायाने तळ ढवळतो, आणि चोचीला माशाचा स्पर्श होताच ती खटकन मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे इच्छेची वाट न पाहता आपोआप घडणारी हालचाल, त्याच्याच वंशातील अमेरिकन करकोच्यावर काह्ल आणि पीकॉक यांनी अभ्यासली व १९६३ साली ‘नेचर’मध्ये मांडली. डोळे झाकलेला पक्षीही मासे पकडू शकत होता, आणि चोच मिटण्यास अवघे २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग, पुरत होते! पृष्ठवंशीय प्राण्यांतील अतिशय वेगवान प्रतिक्रियांत तिची गणना होते. काह्ल यांचे नाव मात्र पक्षिप्रेमींच्याही क्वचितच कानी पडते.

स्पर्शाने शिकार करणाऱ्याला नुसते पाणी पुरत नाही, तर उथळ पाण्यात दाटीने कोंडलेले मासे लागतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरून काठावर गाळपेरीची जमीन उघडी पडू लागते, तेव्हा डबक्यांतून नेमकी हीच स्थिती निर्माण होते, आणि याच हंगामात इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर व भादलवाडी तलावातील बाभळींवर घरटी गजबजतात. प्रौढ पक्षी जवळजवळ मुके असतात, चोचींचा खडखडाट हीच त्यांची भाषा. कलकलाट असतो तो पिल्लांचा. आईबाप गिळून आणलेले मासे घरट्यात ओकतात, आणि भर उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. पावसाने घोड आणि भीमा फुगून उथळ जागा बुडू लागतात, तोवर बहुतेक पिल्लांच्या पंखांत बळ आलेले असते.