प्रॉम्प्ट म्हणजे मंत्र नव्हे

चॅटजीपीटी हा चॅटबॉट नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तेव्हापासून 'जादुई प्रॉम्प्ट'च्या याद्या मोबाइलवर फिरत आहेत. त्यामुळे प्रॉम्प्ट (चॅटबॉटला आपण लिहून दिलेली सूचना किंवा प्रश्न) म्हणजे मंत्र, नेमके शब्द सापडले की काम फत्ते, असा समज पसरला. तो स्वाभाविक आहे, पण खरा नाही.

चॅटबॉटमागचे भाषा-प्रारूप (प्रचंड मजकुरावरून शब्दांचे क्रम शिकलेली संगणकीय रचना) समोरचा मजकूर धरून पुढचा शब्द ठरवत जाते. आपण न सांगितलेले ते अंदाजाने भरते. शिंप्याकडे नुसते कापड टाकून आलो, तर ब्लाउज मिळेल, पण सरासरी मापाचा. गळा किती खोल, बाही कोपरापर्यंत की आखूड, अस्तर हवे का, हे सांगावे लागते. मापाला जुना ब्लाउज दिला तर उत्तमच.

प्रॉम्प्टचेही तसेच. 'सोसायटीला पत्र लिही' एवढ्यावर गुळमुळीत पत्र येते. त्याऐवजी लिहून पाहा: 'सोसायटीच्या सचिवांना मराठीत पत्र लिही. आमच्या न्हाणीघराच्या छतातून दोन महिने पाणी गळते आहे. प्लंबरने वरच्या घरातली पाइपलाइन तपासायला सांगितली आहे. सूर सौम्य, शंभर शब्दांत.' मसुदा पटला नाही, तर काय खटकले ते त्याच संभाषणात सांगावे. माझ्या मते सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

कायद्याचे कलम, औषधाचे प्रमाण किंवा तारीख मात्र मूळ ठिकाणी पडताळूनच घ्यावी. प्रॉम्प्ट कितीही नेटका असला, तरी असे तपशील चॅटबॉट ठामपणे चुकीचे लिहू शकतो.