सापळ्यात माशी सापडते, तरी कारलं का किडतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित गोषवारा.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. आईच्या परसातल्या कारल्याच्या वेलाला छान फळं धरली होती. पण एकेक कारलं वेडंवाकडं होऊन पिवळं पडायला लागलं. कापलं की आत पांढऱ्या अळ्या. फळमाशी! मी लगेच दुकानातून फळमाशीचा सापळा आणला, वेलाशेजारी टांगला. आठवडाभर वाट पाहिली. कारल्यावरच्या माशा काही त्यात येईनात. आई म्हणाली, "अगं, त्यांना ते आवडलेलं दिसत नाही." आणि तिचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

ते का, हे समजून घ्यायला आपण जाऊया प्रशांत महासागरात, हवाई बेटांवर.

हवाईत वर्षभर ऊब आणि वर्षभर काही ना काही पिकलेलं. फळमाशीला आणखी काय हवं? या माश्या तिथल्या मूळच्या नाहीत. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी १८९५ च्या सुमारास तिथे दिसली, भूमध्य सागरी फळमाशी १९१० मध्ये, आंबा-पेरूवरची ओरिएंटल फळमाशी १९४५ च्या सुमारास आणि मिरची-वांग्याच्या कुळातल्या फळांवरची चौथी १९८३ मध्ये. म्हणून आजही हवाईतून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघालेल्या प्रवाशांच्या बॅगा फळांसाठी तपासल्या जातात. पपई पाठवायची तर आधी तिला उष्णतेची किंवा किरणांची प्रक्रिया करावी लागते.

आता माशीचं आयुष्य बघू, कारण सगळी लढाई त्यावरच आहे. मादी फळाची साल टोचून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते आणि आतला गर खाते. पूर्ण वाढली की अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथे कोष करते. साधारण दहा दिवसांनी नवी माशी बाहेर. म्हणजे अंडी आणि अळी फळात, कोष मातीत. वरून मारलेली फवारणी यातल्या कोणापर्यंत पोचणार? शिवाय मोठ्या माश्या सगळा वेळ पिकावर नसतात. वेलवर्गीय माशी तर बराच वेळ बांधावरच्या मका, एरंड अशा झाडांवर बसून असते.

हे सगळं लक्षात घेऊन २००० च्या आसपास अमेरिकेचं कृषी खातं, हवाई विद्यापीठ आणि राज्याचं कृषी खातं यांनी मिळून शेतकऱ्यांसोबत एक कार्यक्रम राबवला. त्यातल्या मुख्य गोष्टी ऐका.

पहिली, मोजणी. सापळ्यात वास असतो आणि तो फक्त नरांना ओढतो. आंब्यावरच्या ओरिएंटल माशीचा नर मिथाईल युजेनॉलकडे येतो, वेलवर्गीय माशीचा क्यू-ल्यूरकडे. मी आणलेला सापळा आंब्याच्या माशीचा होता! गंमत म्हणजे या वासाची गोष्ट आपल्याकडचीच. बिहारमधल्या पुसा इथे हाऊलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या शेजाऱ्याने डास पळवायला सिट्रोनेला तेल वापरलं, तर फळमाश्याच गोळा झाल्या. त्यावरून १९१२ ते १९१५ च्या दरम्यान हाऊलेटने शोध घेतला आणि मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचला.

पण नीट लक्षात घ्या, सापळा आधी मोजमापासाठी असतो. दर आठवड्याला किती नर पडले, कुठल्या कोपऱ्यात जास्त पडले, आकडा चढतोय का उतरतोय, हे लिहून ठेवायचं. मी नंतर बरोबर वासाचा सापळा आणला, भरपूर नर पडले, तरी कारली किडतच राहिली. कारण अंडी मादी घालते, आणि एक नर उरला तरी तो अनेक माद्यांना पुरतो.

दुसरी, स्वच्छता. खाली पडलेलं एक सडकं फळ म्हणजे माश्यांचा पाळणा. हवाईत अशी फळं एका तंबूत टाकायचे. तंबूला वर अशी बारीक जाळी, की माशी आत अडकते, पण माशीवर जगणारी चिमुकली गांधीलमाशी निसटून शेतात परत जाते. घरच्यासाठी सोपा उपाय म्हणजे किडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची. उकिरड्यावर मात्र टाकू नका.

तिसरी, आमिष. अंडी तयार व्हायला मादीला प्रथिनं लागतात. म्हणून प्रथिनात थोडं स्पिनोसॅड मिसळून ते बांधावरच्या मक्यावर शिंपडायचे. मादी स्वतःच खायला येते, मुख्य पिकावर विष पडत नाही.

चौथी, मित्रकीटक. वेलवर्गीय माशीच्या अळीवर जगणारी एक छोटी गांधीलमाशी १९१६ मध्ये हवाईत नेली गेली, तीही भारतातून! सरसकट फवारणीत आधी मरतात ते असे मित्रच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळ्यांनी एकत्र करायचं. माशीला बांध कळत नाही. मी सगळं केलं आणि शेजारच्या परसात दोडके सडत पडले, तर माझी मेहनत पाण्यात. हवाईत म्हणूनच शेजारी-शेजारी शेतं आणि घरच्या बागासुद्धा सामील करून घेतल्या.

आपल्यालाही याची झळ बसलीय. फळमाशीमुळे युरोपने २०१४ मध्ये आपला आंबा बंद केला, तेव्हा हापूसच्या बागायतदारांना ऐन हंगामात बाजार शोधावा लागला. एका पेटीत अळी निघते आणि किंमत सगळे मोजतात.

आमच्याकडे आता काय चाललंय? आईने वेलाखालचं सडकं रोज उचलायचं ठरवलंय. कोवळ्या कारल्यांना कागदी पिशव्या बांधल्यात. सापळ्याची वही माझ्याकडे. आणि शेजारच्या काकूंच्या दोडक्यालाही आम्ही एक सापळा देऊन आलो. यंदा निम्मी कारली वाचली तरी आमची दिवाळी.

तुमच्या परसात, गच्चीवर असं काही झालं असेल तर आधी एक करा. किडकं फळ कापून बघा, कोणती माशी आहे ते कृषी सहायकांना विचारा, मगच सापळा घ्या. आणि हो, हा भाग शेजाऱ्यांनाही पाठवा, कारण त्यांच्याशिवाय हे काम होणार नाही. भेटू पुढच्या भागात!