विंचू, मांत्रिक आणि रक्तदाबाची गोळी

विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला कोकणात अपयश फारसे येत नसे. लाल विंचू चावलेल्या अनेकांना नुसताच जीवघेणा ठणका लागतो आणि काही तासांनी तो आपसूक ओसरतो. तोवर मंत्र चालू ठेवायचा, एवढेच काम! खरे मरण असते ते उरलेल्यांचे, आणि त्यांची खूण ठणका नव्हे. उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले की विष अंगभर भिनले असे समजावे.

ही लक्षणे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून रुग्णांच्या उशाशी बसून टिपली. विंचवाचे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही. त्यामुळे शरीरातल्या ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो. पुढे हृदय दमते, फुप्फुसांत पाणी भरते. असे अत्यवस्थ झालेले सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत; त्यांत लहान मुले पुष्कळ.

बावस्करांनी विषाचा नाद सोडून त्या आवळलेल्या रक्तवाहिन्यांवर नेम धरला. रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली प्राझोसिनची गोळी नेमके तेच आवळणे सैल करते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा अनुभव छापला. दर तीन तासांनी गोळी, रुग्णाला आडवेच ठेवायचे, आणि थांबायचे कधी? तळपाय गरम लागले की. खेड्यातल्या डॉक्टरला हाताच्या स्पर्शाने कळेल असा हा मापदंड मला त्या औषधाइतकाच मोलाचा वाटतो. मृत्यूचे प्रमाण पुढे एक ते तीन टक्क्यांवर आले.

विंचू तोच, विष तेच. म्हणजे ते ३० टक्के विषाचे नव्हतेच. ते हुकलेल्या उपचाराचे आणि वाया गेलेल्या वेळेचे होते. अर्थात सगळे श्रेय गोळीचे नाही. रुग्ण लवकर पोहोचू लागले, हेही त्यात आले.

विषावर थेट उतारा म्हणून प्रतिविष कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे लोंबकळत होता. महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेले ९१ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरचे २३ टक्के. तरीही प्रतिविषाच्या कुपीची वाट पाहत गोळी लांबवणे धोक्याचेच.