आठवणीची गाठ

बाजारास निघालेली गृहिणी एखादी वस्तू आणावयास विसरू नये म्हणून पदरास गाठ मारते. गाठीत ती वस्तू नसते. परंतु बोटांना गाठ लागताच तिची आठवण होते. मनुष्याच्या स्मृतीची रीतच अशी आहे. सुटी गोष्ट तिच्यातून निसटते. ओळखीच्या गोष्टीशी बांधलेली गोष्ट टिकून राहते. मुले इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ या शब्दाने लक्षात ठेवतात आणि महिन्यांचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजतात, ती याच रीतीने.

मानवी शरीराची रचना शिकताना अशा गाठींची गरज विशेष भासते. प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. त्यांपैकी मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एकाच हातात २७ असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. हे आकडे नुसते घोकले तर चार दिवसांत विस्मरणात जातात. पण अंगठ्याला दोन व इतर चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे आहेत, हे ज्याने स्वतःच्या हातावर मोजून पाहिले, त्याला १४ हा आकडा पाठ करावाच लागत नाही. त्याचा हातच त्याला उत्तर देतो.

पाठीच्या कण्याचेही तसेच आहे. कण्यातील वरच्या मणक्यांसाठी दिवसाचे वेळापत्रक उपयोगी पडते. सकाळी ७ वाजता न्याहारी, दुपारी १२ वाजता जेवण आणि सायंकाळी ५ वाजता घरी परतणे, एवढे ध्यानात ठेवले की मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ मणके असतात हे आपोआप आठवते. पुढे एक गाठ दुसरीस जोडली जाते. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जडलेल्या असतात. म्हणून बरगड्यांची संख्या निराळी पाठ करावयास नको.

आपल्या प्राचीन वैद्यांनाही स्मरणाचे महत्त्व ठाऊक होते. त्यांच्या ग्रंथांचा बराच भाग पद्यात आहे. कारण छंदात बांधलेले ज्ञान लवकर मुखोद्गत होते. चरकसंहितेत हाडांची संख्या ३६० दिली आहे, तर सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राच्या मताने ती ३०० आहे. दात इत्यादींचीही गणना केल्यामुळे हे आकडे आजच्याहून मोठे दिसतात. तथापि केवळ पाठांतरावर सुश्रुतसंहितेची भिस्त नाही. ग्रंथातून ऐकलेल्या ज्ञानास प्रत्यक्ष शरीर पाहण्याची जोड मिळाली पाहिजे, असे तिचे सांगणे आहे.

शरीराच्या ज्ञानास स्मरणाची जोड मिळाली म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण गडचिरोलीच्या अरण्यमय प्रदेशात सापडते. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १९८६ पासून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेद्वारे तेथे आरोग्यकार्य आरंभिले. निमोनियामुळे तेथील पुष्कळ बालके दगावत असत. या रोगात फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत द्रव साचतो. प्रत्येक श्वासाबरोबर हवा पुरेशी आत जात नाही; ती उणीव भरून काढण्यासाठी बाळ भराभर श्वास घेऊ लागते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक झाले, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

परंतु ते मोजावे कोणी? डॉक्टर दूर होते आणि गावातील अनेक सुइणींना दहा-बारांपलीकडे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधे श्वासमापक यंत्र तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा आणि पुन्हा एकापासून मोजावयाचे. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, म्हणजे बाळास उपचाराची गरज आहे असे समजावयाचे. साठाचा आकडा सुइणीच्या मनात राहावयास नको होता. तो मणी सांभाळीत होते. तिने केवळ बाळाच्या पोटाच्या हालचालीवर दृष्टी खिळवावयाची होती.

गावातील कार्यकर्ते व सुइणी यांनी निमोनिया ओळखून वेळीच प्रतिजैविक औषध द्यावे, या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे हे काम चालले नव्हते, त्या गावांत निमोनियाने दर हजार बालकांमागे १७.५ मृत्यू झाले. जेथे ते चालले, तेथे ८.१ झाले. हे श्रेय एकट्या मण्यांचे नव्हे. मणी इशारा देत. बाळाचा श्वास पारखण्याचे, औषध देण्याचे व त्याच्याकडे पुन्हा जाऊन पाहण्याचे काम माणसांचेच होते.

आठवणीच्या साधनांचा उपयोग असा आहे आणि त्याची मर्यादाही हीच आहे. पदराची गाठ हाताला लागली, पण ती कशासाठी मारली हेच विसरले, तर गृहिणी रिकाम्या हाताने परतते. ज्याने आपल्या छातीवर हात ठेवून बरगड्यांचे वर येणे व खाली जाणे एकदा लक्षपूर्वक अनुभवले आहे, त्याची गाठ मात्र फुकट जात नाही.