आखडत्या हाताचा नाताळ

सन १८४३ च्या डिसेंबर महिन्याच्या १९ तारखेस चार्ल्स डिकन्सचे ‘ए ख्रिसमस कॅरल’ हे छोटेखानी पुस्तक लंडनच्या दुकानांत दाखल झाले आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच्या सहा हजार प्रती हातोहात खपल्या. पुस्तकाची किंमत होती पाच शिलिंग. आणि ज्याच्या घरच्या सणाचे वर्णन वाचून पिढ्यानपिढ्या वाचकांचे मन द्रवत आले, त्या बॉब क्रॅचिट नामक कारकुनाचा आठवड्याचा पगार होता पंधरा शिलिंग. स्वतःच्याच घरची हकीकत विकत घेऊन वाचावी असे बॉबच्या मनात आले असते, तर आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा त्याला मोजून द्यावा लागला असता. गरिबाच्या कृतज्ञतेची कथा बहुधा सुखवस्तू वाचकासाठीच लिहिली जाते, हे ध्यानात ठेवून ह्या विषयाकडे वळलेले बरे. कारण आहे त्यात समाधान मानण्याचा उपदेश ज्याची कोठी भरलेली आहे त्याच्याच मुखातून अधिक वेळा ऐकू येतो.

डिकन्सला मात्र हा विषय हाताळण्याचा अधिकार होता. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले आणि बारा वर्षांचा हा मुलगा बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसला. पुढे कीर्ती मिळाली तरी १८४३ च्या हिवाळ्यापूर्वी त्याचा हात पुन्हा आखडलाच होता. चालू कादंबरी अपेक्षेइतकी खपत नव्हती, प्रकाशक दरमहाच्या रकमेत पन्नास पौंडांची काट करण्याची भाषा बोलत होते, आणि घरात पाचवे अपत्य येऊ घातले होते. अशा विवंचनेत सुमारे सहा आठवड्यांत हे पुस्तक लिहून झाले.

त्यातील क्रॅचिटांच्या भोजनाचा तपशील मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गरिबांच्या बिऱ्हाडांत त्या काळी भट्टी नसे. म्हणून नाताळच्या दिवशी, जेव्हा पाव भाजण्याचे काम बंद राहून भटाऱ्यांच्या भट्ट्या मोकळ्या असत, तेव्हा वस्तीतली माणसे आपापली भांडी तेथे नेऊन जेवण भाजून आणीत. नाताळला लागणारा गूस पक्षी पदरात पडावा म्हणून मजूरवर्ग मद्यगृहांतून चालणाऱ्या भिशीत आठवड्याला काही पेन्स भरीत असे. क्रॅचिटांचा गूस सर्वांना पुरावा म्हणून सफरचंदाच्या चटणीची आणि कुस्करलेल्या बटाट्यांची त्याला जोड दिलेली आहे; पुडिंग कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजलेले आहे; आणि साऱ्या कुटुंबाची काचेची संपत्ती म्हणजे दोन पेले व कान तुटलेला एक कप. एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते पुडिंग लहान आहे, असे कोणी म्हणत नाही. हे मौन दारिद्र्य झाकण्यासाठी आहे असे मला वाटत नाही. पीठ कमी तर पडले नाही ना, परसातली भिंत ओलांडून कोणी पुडिंग पळवले तर नसेल ना, अशा शंकांनी त्या घरची गृहिणी दिवसभर कासावीस झालेली आहे, आणि जेवणारा प्रत्येक जण तिच्या त्या श्रमांना दाद देत आहे. तिथली कृतज्ञता नशिबाला किंवा परिस्थितीला उद्देशून नाही; तिच्यासमोर एक माणूस उभे आहे.

ह्याच पंगतीत बॉब आपल्या कृपण मालकाच्या, स्क्रूजच्या, नावाने पेला उचलतो, आणि त्याची बायको संतापते. शेवटी ती पेला ओठांना लावते खरी, पण नवऱ्याखातर आणि त्या दिवसाखातर; मालकाला एका शब्दानेही ती माफ करीत नाही. वाचकांची सहानुभूती बहुधा बॉबकडे वळते, माझी त्या बाईकडे. आभार मानणे आणि अपुऱ्या वेतनाला संमती देणे ह्या दोन बाबी तिने एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत, आणि ओढाताणीच्या सणात नेमकी हीच गल्लत फार जणांकडून होते.

अलीकडच्या मानसशास्त्राने कृतज्ञतेचा हा व्यवहार कसोटीवर घासून पाहिला आहे. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो ह्या अमेरिकन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्यास, आभार वाटावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहून काढावयास सांगितले, काहींना मनस्तापाच्या, तर उरलेल्यांना नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाने आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान नोंदवले आणि शरीराच्या तक्रारीही कमी सांगितल्या. पुढील छाननीत हा परिणाम माफकच ठरला. ह्या उपायाने घरभाडे भरले जाईल अशी कोणी अपेक्षा करू नये. ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी ही नोंद जमाखर्चाच्या वहीसारखी नेमकी ठेवावी: ‘आरोग्य, कुटुंब, निवारा’ असे ठरीव शब्द न लिहिता, शेजारणीने तिच्या मुलीचा कोट बाह्या आखूड करून आपल्या मुलीस दिला, हे तिच्या नावानिशी लिहावे, आणि लिहून झाल्यावर, पत्राने का होईना, तिला कळवावे. घरातल्या मुलांनाही यंदा भेटी थोड्या असतील हे आधीच, सरळ शब्दांत सांगावे. मुलांना आपण समजतो त्यापेक्षा हिशेब बराच कळतो.

देण्याघेण्याची ह्याहून जुनी रीत गोव्यात आहे. नाताळच्या दिवसांत तेथील ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, बिबिंका अशा गोड पदार्थांची ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात, आणि चतुर्थीला तिकडच्या नेवऱ्या इकडे येतात. ज्या घरी दुखवटा असेल तेथे गोडधोड होत नाही, तेव्हा शेजारी ते पोचवतात. ह्या देण्याला मुदत नाही, व्याज नाही, तगादा तर नाहीच. त्यामुळे तंगीच्या वर्षी ज्याच्या घरातून ताट निघाले नाही त्याचे नाव कोणाच्याही थकबाकीत चढत नाही, आणि सुस्थिती आली की तो आपसूक देता होतो.

डिकन्सच्या हिशेबाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तो हिशेब हाती येण्याआधी, १८४३ च्या २६ डिसेंबरला, विल्यम मॅक्रीडी हा त्याचा नटमित्र अमेरिकेच्या दौऱ्यावर असता, मित्राच्या बायकामुलांचे मन रमावे म्हणून तो त्यांच्या घरी जादूगार बनला आणि त्याने चक्क टोपीत प्लम पुडिंग ‘शिजवून’ दाखवले. जेन कार्लाइल ह्या विदुषीने आपल्या पत्रात त्या मेजवानीचे मोठे चुरचुरीत वर्णन केले आहे. नंतर फेब्रुवारीत प्रकाशकांचा ताळेबंद हाती आला. हजार पौंडांची अपेक्षा होती; रंगीत चित्रे, सोनेरी कडा आणि बांधणी यांचा खर्च वजा जाता पहिल्या सहा हजार प्रतींचे निघाले दोनशे तीस. १८४४ च्या नाताळासाठी त्याने ‘द चाइम्स’ लिहिले. त्यात एक गरीब हमाल थंडीत पायऱ्यांवर बसून वजडीच्या कालवणाचे जेवण जेवत असतो, आणि तेथे आलेल्या तीन सभ्य गृहस्थांपैकी एक जण, हा पदार्थ किती उधळपट्टीचा आहे, हे त्याला आकडेवारीनिशी समजावून देतो.