गाडी नसलेल्या गावातला गाडीचा नाद

मानोऱ्याला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर एस.टी. धरून बाहेर जावे लागते. अकोला–पूर्णा लाइन पाहायची तर वाशिमला, मुंबई–नागपूरचा मोठा मार्ग पाहायचा तर मूर्तिजापूरला, आणि आपली शकुंतला कारंजा किंवा दारव्ह्याला. त्यातली शकुंतला आता धावतच नाही. अशा गावात आम्हा पाच जणांना उतारवयात रेल्वेचा नाद लागला आहे. या पानावर रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांच्यावर नेहमी वाचायला मिळते. या वेळी आम्ही एका छंदाविषयी लिहितो आहोत. तो आरोग्याच्या पानावर कशाला, हे आधी सांगतो.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक, एक एस.टी.चे ड्रायव्हर, एक शिंपी, एक निवृत्त नर्सबाई आणि सर्वांत वडील असे आबाजी. आबाजींची सगळी नोकरी शकुंतलेच्या लाइनवर गँगमन म्हणून गेली. तीन वर्षांपूर्वी आजी वारल्या आणि आबाजी बोलायचेच थांबले. मुले पुण्याला. सकाळी खाटेवर बसायचे ते दिवे लागेपर्यंत तिथेच. विहारात येणे बंद, फिरणे बंद, साखर वाढलेली. गोळ्या चालू होत्या, पण जेवणाची वेळ नाही, तर गोळ्यांची कुठून राहणार? नर्सबाई दर आठवड्याला जाऊन रागवायच्या. आबाजी मान हलवायचे, बस्स.

दिवाळीच्या सुटीत नातू सेलवर चालणारी आगगाडी घेऊन आला. प्लॅस्टिकचे रूळ, गोल चक्कर. गाडी वळणावर आली की दर वेळी पडायची. पोरगा रडकुंडीला आला. आबाजी खाटेवरून उठले, जमिनीवर बसले, पोस्टकार्डाच्या पट्ट्या दुमडून वळणाच्या बाहेरच्या रुळाखाली सारल्या आणि म्हणाले, "वळणावर बाहेरची पटरी उचलून घ्या लागते, नाही तं गाडी बाहेर फेकते." गाडी फिरली. कित्येक महिन्यांत त्यांनी बोललेले ते सर्वांत लांब वाक्य होते.

खऱ्या रेल्वेतही हेच करतात. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात, म्हणजे गाडी आतल्या बाजूला कलते आणि बाहेर ओढणारा जोर सांभाळला जातो. किती उंच, हे वळणाच्या गोलाईवर आणि गाडीच्या वेगावर ठरते. इंजिनिअर ते गणिताने काढतो. पण गिट्टी ठोकून, पहारीने रूळ सरकवून ती उंची प्रत्यक्षात आणतो तो गँगमन. आबाजींच्या हातात तीस-पस्तीस वर्षांची ही विद्या होती आणि निवृत्तीनंतर ती त्यांना कुणी विचारली नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही ती विचारायला लागलो. हळूहळू ठरले की शकुंतलेची प्रतिकृती करायची.

शकुंतलेविषयी नव्या वाचकांसाठी थोडे सांगतो. यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर, अशी ही नॅरोगेज लाइन. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने ती उभारली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी. तिथून तो मँचेस्टरच्या गिरण्यांना जायचा. गंमत अशी की तिचे प्रसिद्ध वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बांधलेले. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिले, मग डिझेल आले. गाडी इतकी सावकाश चालायची की वरातीची बैलगाडी पुढे जाईल, असे लोक थट्टेने म्हणत. पण खेड्यातला माणूस स्वस्तात तालुक्याला पोचायचा. तिच्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६, मीटरगेजचे १०००.

प्रतिकृती करायचे ठरले तेव्हा शिक्षकांनी पुण्याचे उदाहरण दिले. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी हौसेपोटी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांना खुले आहे. एका खोलीत पूर्ण शहर, त्यात धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, पूल. खेळ सुरू झाला की दिवे मंद होतात आणि छोट्या शहरात रात्र होते. हे सर्व ८७ पटींनी लहान केलेले आहे. जगभरात हेच प्रमाण सर्वांत जास्त चालते आणि त्याला एचओ म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ साली दोन जुळ्या भावांनी याच प्रमाणात जे दालन सुरू केले, ते पाहायला लाखो लोक जातात.

आम्हीही मग ८७ पटींचा हट्ट धरला. ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणजे बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा छोटा रूळ शकुंतलेला जवळजवळ बरोबर बसतो. कागदावर सगळे छान जमले. प्रत्यक्षात आमच्यातल्या दोघांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, एकाचा हात थरथरतो. नखाएवढे चाक खाली पडले की सगळे जण अर्धा तास फरशीवर रांगायचे. शिवाय परदेशी इंजिनाची किंमत ऐकून शिंपीबुवा म्हणाले, एवढ्यात नवी शिलाई मशीन येते. दोन महिने फुकट गेले.

शेवटी वीस पटींवर आलो. म्हणजे रुळांतले अंतर ३८ मिलिमीटर आणि डबा हातभर. डोळ्यांना दिसतो, बोटांना सापडतो. डबे बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे, स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे, रूळ सायकलच्या स्पोकचे, गिट्टी अरुणावतीच्या पात्रातली चाळलेली बारीक खडी. आबाजींनी ३८ मिलिमीटरची एक गेजची काडी तासून घेतली. प्रत्येक स्लीपरवर ती काडी घालून पाहिल्याशिवाय ते फेविकॉल लावू देत नाहीत. शिक्षकांना पहिल्यांदा कुणीतरी "पुन्हा करा" म्हणणारे भेटले आहे.

आता एक प्रश्न, जो आमच्याच लोकांनी आम्हाला विचारला: आपल्या समाजाला हे खेळ कशाला? चळवळीची कामे थोडी आहेत का?

प्रश्न रास्त आहे. पण रेल्वे आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे आणि ते खेळाचे नव्हते. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशन मास्तर आधी आस्थेने बोलला आणि जात कळताच मागे सरला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपल्या माणसाला गँगमनच्या पुढे जाऊ देत नाहीत. साधा पोर्टरही होऊ देत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तरला घरकाम करून घ्यायचे असते. ज्यांनी रूळ सांभाळले त्यांना फलाटावर निवांत बसून गाडी पाहायला कधी मिळाले नाही. आबाजी पहिल्यांदा आमच्याबरोबर मूर्तिजापूरला आले तेव्हा बाकावर बसेनात. बसले तेव्हाही प्लॅटफॉर्म तिकीट मुठीत धरून बसले. आम्ही म्हटले, खिशात ठेवा. ते म्हणाले, "राहू द्या. कोणी इचारलं तं?" दहा रुपयांचे ते तिकीट दोन तास चालते. दुसऱ्या तासाला त्यांनी ते खिशात ठेवले.

आता महिन्यातून एकदा आम्ही जातो, कधी वाशिम, कधी मूर्तिजापूर. इंजिनावरची अक्षरे वाचणे हा मोठा चाळा आहे. पहिले अक्षर गेजचे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे नॅरो. दुसरे शक्तीचे: डी डिझेल, ए विजेवरचे. तिसरे कामाचे: पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही. म्हणजे डब्ल्यूएपी-७ पाहिले की ब्रॉडगेजचे, विजेचे, प्रवासी गाडी ओढणारे इंजिन. नातवंडे हे दोन दिवसांत शिकतात. आम्हाला दोन महिने लागले, पण वहीत इंजिनाचा नंबर, गाडीचे नाव आणि वेळ लिहिण्याची सवय लागली. विसरण्याची धास्ती वाटणाऱ्या वयात ही वही उपयोगी पडते.

आरोग्याचे म्हणाल, तर २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांचा अभ्यास आला. छंद असणाऱ्यांत उदासीनतेची लक्षणे कमी आणि आयुष्यात समाधान जास्त आढळले. त्यात भारत नव्हता, आणि छंदामुळेच फरक पडला की मुळात बरे असलेलेच छंद धरतात, हे अशा अभ्यासातून पूर्ण ठरत नाही. आम्ही आमच्यापुरते पाहिलेले सांगतो: आबाजी आता वेळेवर जेवतात, कारण नऊला काम सुरू करायचे असते. गोळ्या बंद झालेल्या नाहीत, होणारही नाहीत. पण आता त्या चुकत नाहीत.

मात्र छंद म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस नसेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन करून विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आबाजींना आम्ही खेळण्याच्या भरवशावर सोडले नव्हते. नर्सबाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या.

काम करताना एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका, उठून चार पावले चाला. उजेड डाव्या खांद्यावरून घ्या, डावखुरे असाल तर उजव्या. तारा जोडायला सोल्डरिंग करत असाल तर खिडकी उघडी ठेवा, साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका आणि लहान मुलांना ते हाताळू देऊ नका. मधुमेह असलेल्यांनी गाडी पाहायला जाताना चप्पल नको, बंद बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय पाहावेत, आणि पिशवीत बिस्किटे व पाणी ठेवावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात दुपारी मुळीच जाऊ नका. आम्ही सकाळच्या पहिल्या एस.टी.ने जातो.

आणि रुळांवर पाऊल ठेवायचे नाही. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे राहायचे, पलीकडे जायला पूल वापरायचा. रुळांवर घुसणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. छत्रीचे टोक, सेल्फीची काठी तिच्याजवळ न्यायची नाही. याबाबतीत आबाजी आम्हा सर्वांपेक्षा कडक आहेत. तरुण पोरे फोटोसाठी रुळांत उतरलेली दिसली की ते फलाटावरून ओरडतात, आणि हा आवाज कुठून आला म्हणून आम्हीच दचकतो.

आमच्या शकुंतलेचे तीन डबे झाले आहेत. इंजिनाचा धुराडा सुताच्या रिकाम्या रिळाचा आहे, तो शिंपीबुवांनी दिला. कारंजा स्टेशन उभे राहिले आहे, दारव्ह्याचा फलाट बाकी आहे. पत्रा कापणारे कुणी वाचक जवळपास असतील तर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओसरीत यावे, आम्हाला छप्पर जमत नाही. नागपूरला मोतीबाग येथे २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे खरी छोटी इंजिने उभी आहेत. यंदा दीक्षाभूमीला जाताना एक दिवस आधी निघून ते पाहायचे ठरले आहे. नर्सबाईंनी आबाजींच्या गोळ्यांची डबी वेगळी काढून ठेवली. आबाजींनी तिच्याशेजारी मोजायचा टेप ठेवला आहे. तिथल्या रुळांचे अंतर ७६२ भरते का, हे त्यांना स्वतः मोजायचे आहे.